हनीफभाईंची पितळी रिंग

माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक खुर्ची आहे. ज्यांच्या विहिरीतून बांगड्यांचा आवाज येतो, ज्यांच्या साडूच्या अंगात येतं, ज्यांना घाटात पांढरी बाई लिफ्ट मागते, असे सगळे त्या खुर्चीवर बसून मला आपापलं भूत सांगून गेलेत. मी चहा मागवतो, डोळे मोठे करतो, "बाप रे" म्हणतो... आणि ते गेले की पोट धरून हसतो. तीस वर्षं कॅमेरे उघडून दुरुस्त करणारा माणूस आहे मी. फोटोत पांढरा ठिपका आला तर तो आत्मा नसतो, शटरच्या पडद्याला भोक पडलेलं असतं. अशी पुष्कळ भुतं मी काळ्या रंगाच्या एकेका थेंबानं बुजवली आहेत.

एक मात्र बुजलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते बुजावं असं मला वाटतही नव्हतं — इतकी मजा आली.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या बाहेर हनीफभाईंचं लेथचं दुकान होतं. पंपाचे शाफ्ट, जीपचे बुश, असली कामं. शुक्रवारी दुकान बंद. नमाज झाली की हा माणूस सायकल एस.टी.च्या टपावर टाकायचा आणि गडचिरोलीकडच्या जंगलात निघायचा. कधी धानोरा, कधी आलापल्ली, कधी अहेरीचा बाजार. मुक्काम कुठल्या तरी ओळखीच्याकडे, शनिवारी परत. गळ्यात एक जुना रशियन कॅमेरा, नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला. डोक्याला चौकटीचा रुमाल, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. फोटो काढायचे माणसांचे. आणि त्यांचा एक नेम होता: ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या फेरीत फोटो नेऊन द्यायचा. हातात. तोपर्यंत त्या गावात दुसरा फोटो काढायचा नाही.

फिल्म धुवायला ते आमच्याकडे द्यायचे. आमच्याकडे म्हणजे विलासरावांच्या स्टुडिओत. मी तेव्हा त्यांच्या डार्करूममध्ये नोकरीला होतो. विलासराव म्हणजे शहरातला मोठा माणूस — सफारी सूट, पालकमंत्र्यांच्या शेजारचा फोटो, हसताना फक्त वरचे दात.

साल पंचाण्णव असावं. लाल दिव्यात, माझ्या ट्रेमधल्या कागदावर एक फोटो वर आला. आधी काहीच नाही, मग एक गोल. मग गोलातून धागे. एका तलावात कंबरभर पाण्यात उभा मासेमार ढिवर, त्यानं फेकलेलं जाळं हवेत पूर्ण उघडलेलं, आणि जाळ्याच्या बरोबर मधून त्याचा हसरा चेहरा. फोटो काढणारा पाण्यात उतरला असल्याशिवाय असा फोटो येणं शक्य नाही. मागून विलासराव वाकले.

"बाळ्या, हा कोणाचा?"

"हनीफभाईंचा."

"हं," म्हणाले.

त्या "हं"चं पुढे राज्य पातळीवरचं पहिलं बक्षीस झालं. विलासरावांच्या नावानं. मग कॅलेंडर झालं, मग सत्कार झाले. हनीफभाईंनी तो फोटो एका चहाच्या टपरीवर, कॅलेंडरच्या मार्च महिन्यावर पाहिला. ते स्टुडिओत आले. ओरडले नाहीत. माझी निगेटिव्ह द्या, एवढंच म्हणाले. विलासरावांनी सांगितलं, ती फिल्म तर केव्हाच हरवली, अन् तुमच्याकडे दुसरा काही पुरावा असेल तर दाखवा ना.

त्या वेळी मी तिथेच होतो. माझं त्यात काय होतं ते शेवटी सांगतो. गोष्ट सांगणाऱ्यानं स्वतःला शेवटी वाढून घ्यावं.

हनीफभाई पुन्हा कधी फोटो काढायला गेले नाहीत. दोन हजार एक साली वारले.

आता या. दोन हजार सहा, जानेवारी.

विलासरावांच्या जावयानं परदेशातून त्यांना डिजिटल रेंजफाइंडर आणून दिला. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढची सगळी गंमत यातच आहे. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मध्ये एक छोटा पिवळसर चौकोन, आणि त्यात समोरच्या माणसाची दोन रूपं दिसतात, एकाच्या बाजूला एक सरकलेली. लेन्स फिरवत दोन्ही रूपं एकावर एक आणली की फोकस झाला समजायचं. समजायचं, बरं का. लेन्स खरंच कुठे बघतेय ते खिडकीला माहीत नसतं. झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग सुंदरच दिसतं.

त्याच सुमारास पुण्याच्या एका प्रकाशकानं विलासरावांचं जाडजूड पुस्तक काढायचं ठरवलं. मुखपृष्ठावर तेच जाळं. शिवाय चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले दहा नवे फोटो. संपादक बाईंची एक अट होती: जाळ्याचा फोटो ज्या लेन्सनं काढला त्याच लेन्सनं नवे फोटो काढा, लेन्सचाही फोटो छापू. विलासराव मुलाखतींतून दहा वर्षं सांगत आले होते — "माझी ती जुनी रशियन लेन्स." आता लेन्स आणायची कुठून?

ते माझ्या दुकानात आले. मी तोवर स्वतःचं दुकान टाकलं होतं.

"बाळ्या, हनीफच्या पोरीकडे चाल माह्यासंग. तुझं जाणं-येणं आहे तिकडं."

"कशाला?"

"लेन्स पाहिजे. आठवण म्हणून मागू."

माणसाच्या निर्लज्जपणालाही एक उंची असते, आणि ती जवळून बघायला मिळाली तर मी सोडत नाही. गेलो.

शहनाज तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. तिच्या डोक्यात लहानपणापासून एकच गोष्ट होती: त्या फोटोखाली अब्बांचं नाव यावं. ती हे सगळ्यांना सांगायची, पण पुराव्याला तिच्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. मला वाटलं, ही आता विलासरावांना झाडूनं हाणते की काय. तिनं चहा केला. बिस्किटाचा एक डबा आणून समोर ठेवला.

"घेऊन जा ना, काका. अब्बांनी तुमच्याचसाठी ठेवलं होतं."

डब्यात मलमलीत गुंडाळलेली लेन्स होती, आणि तिच्या खाली एक पितळी रिंग. मी रिंग उचलली आणि माझ्या मानेवर काटा आला. म्हणजे तांत्रिक कारणानं. लेन्स आट्यांची, स्क्रूसारखी फिरवून बसवायची. विलासरावांचा नवा कॅमेरा खाचांचा, अडकवून वळवायचा. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये अशीच एक रिंग लागते. तीच मी परदेशातून मागवायच्या विचारात होतो. ही रिंग हातानं घडवलेली, त्याच खाचांच्या मापाची. आणि हनीफभाई गेले तेव्हा विलासरावांचा हा कॅमेरा बाजारात आलासुद्धा नव्हता.

"हे कधी केलं त्यांनी?" मी विचारलं.

"शेवटी-शेवटी. दम लागायचा, तरी लेथवर बसायचे. मी विचारलं, अब्बा, कोणासाठी? म्हणाले, विलासरावांना लागेल. येतील ते. आले की देऊन टाक."

विलासरावांचे डोळे चक्क पाणावले. "मोठ्या मनाचा माणूस," म्हणाले.

शहनाज माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, पण हसू कुठे ठेवलंय ते मला दिसत होतं.

दुकानात आणून मी रिंग तपासली. तिची जाडी केसाच्या काही अंशानं चुकली, तर खिडकी एक सांगते आणि लेन्स भलतीकडे बघते. टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवून बरोबर मधल्या आकड्यावर फोकस केला, फोटो काढला. मधला आकडा सुईसारखा स्पष्ट. जवळून, लांबून, खिडकीबाहेरच्या टाकीवर — सगळं अचूक. कारखान्यात असं होत नाही.

विलासराव म्हणाले, तूही चाल, तीन दिवस आहे. मी निघालो. जीप मीच चालवली.

पहिला दिवस, आलापल्ली. सागाच्या लाकडांचा डेपो, सकाळची तिरपी उन्हं. विलासरावांनी एका वनरक्षकाला भल्या मोठ्या ओंडक्याशेजारी उभं केलं. या कॅमेऱ्याचा मागचा पडदा उलटा फिरवून झाकून टाकता येतो, म्हणजे फोटो लगेच दिसत नाही. विलासरावांनी तो झाकून ठेवला होता. "आम्ही फिल्मवाले. पाहत बसत नाई." प्रत्येक फोटोआधी, जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा, खटका ओढायचा — खर्रर्र — आणि दाबायचं. बारा-पंधरा फोटो काढले.

दुपारी खानावळीत पडदा उघडला. पहिला फोटो: वनरक्षक म्हणजे खाकी धूर. दुसरा: खाकी धूर. सगळेच तसे. पण त्या धुरामागे, वीस-पंचवीस पावलांवर, हातपंपाजवळ एक म्हातारी बसली होती. तिच्या गळ्यातले मणी मोजता येत होते. आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

"बाळ्या, रिंग बिघडली."

"बघू."

आम्ही जेवण अर्धं टाकून परत गेलो. तोच वनरक्षक, तोच ओंडका. मी फोटो काढला. वनरक्षकाच्या मिशीतला भाताचा कणसुद्धा दिसला. विलासरावांनी काढला... खाकी धूर. मग मी स्वतः फोकस केला, लेन्सवर माझं बोट दाबून धरलं आणि म्हटलं, साहेब, तुम्ही फक्त बटन दाबा. दाबलं.

खाकी धूर. मागे हातपंपापाशी आता म्हातारी नव्हती, पण त्याच्या दांड्यावरचा गंज अगदी स्पष्ट.

वनरक्षक म्हणाला, "साहेबाचा हात लटपटून राह्यला का जी?"

हात हलला तर सगळाच फोटो हलतो, मागचा गंज स्पष्ट येत नाही. हे मला माहीत होतं. विलासरावांनाही माहीत होतं.

मी एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. ती म्हातारी मी ओळखली होती. ज्यांचे फोटो मी ट्रेमध्ये धुतले त्यांना मी विसरत नाही. बाकीच्यांना माणसं भेटतात, मला ती कोऱ्या कागदातून हळूहळू वर येताना दिसलेली असतात. ही बाई हनीफभाईंच्या फिल्मवर होती. तेव्हा केस काळे होते, मणी तेच.

दुसरा दिवस, अहेरीचा बाजार. विलासरावांनी एका बांगडीवाल्या बाईला निवडलं, हातभर रंगीत काच, सुरेख फोटो. या वेळी पडदा उघडा ठेवला. फिल्मवाला एका दिवसात निवर्तला. बटन दाबलं आणि आम्ही दोघंही वाकून पाहिलं.

बांगड्या म्हणजे होळीचा रंग फेकल्यासारख्या. आणि मागे, सुक्या मासळीच्या टोपलीपाशी बसलेला एक माणूस लखलखीत. भुवईवरची जुनी खूण दिसत होती. तोही कॅमेऱ्याकडे बघत होता.

मी विलासरावांना चहा प्यायला पाठवलं आणि त्या माणसापाशी गेलो.

"भाऊ, तुमचा फोटो काढला होता का कोणी? दहा-बारा वर्षं झाली असतील."

"हो ना. सायकलवाल्या चाचानं. माह्या काखेत कोंबडा होता." त्यानं खिशातून प्लास्टिकची घडी काढली, तिच्यातून फोटो काढला. कडा झिजलेल्या, पण कोंबडा जिवंत. "पंधरा दिवसांनी आणून देल्ता. चाचा कसे आहेत?"

मी म्हटलं, "आहेत इकडेच कुठे तरी."

थट्टेनं म्हटलं. म्हणजे, तेव्हा थट्टेनंच म्हटलं होतं.

त्या दिवशी विलासरावांनी साठेक फोटो काढले. ज्याच्यावर नेम धरला तो धूर, आणि मागे कुणीतरी एक स्पष्ट. त्यातले पाच चेहरे माझ्या ओळखीचे होते. माझा आनंद मावेना. तोंडावर रुमाल धरून खोकल्याचं नाटक करावं लागत होतं. विलासराव संशयानं बघायचे.

"तुले हसू येऊन राह्यलं का बाळ्या?"

"नाही साहेब, मिरचीचा बाजार आहे."

तिसरा दिवस महत्त्वाचा. धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहे. जाळ्याचा फोटो तिथलाच. संपादक बाई पुण्याहून थेट तिथे येणार होत्या, विलासरावांना "काम करताना" बघायला. आम्ही पोचलो तेव्हा बाई पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या होत्या, गडचिरोलीहून भाड्याच्या गाडीनं आलेल्या. विलासरावांची भाषा गाडीतून उतरता उतरताच बदलली. "नमस्कार. प्रवास सुखाचा झाला ना?" मी खोकलो.

तलावाच्या काठी एक ढिवर जाळं झटकत होता. साठीचा, पण खांदे तसेच. तेच हसू. सोमाजी त्याचं नाव.

विलासराव हात पसरून पुढे गेले. "ओळखलं का मला? मीच तुमचा फोटो काढला होता."

सोमाजीनं त्यांना खालून वर पाहिलं. "तुमी नोहोय जी. थे सायकलवाले भाऊ होते."

"खूप वर्षं झाली, विसरला असाल."

"इसरतो कसा? मले म्हणाले, जाळं माह्याच अंगावर फेका. म्या म्हटलं भिजाल. म्हणे भिजू द्या. छातीभर पाण्यात उभे होते, कॅमेरा असा वरतं धरून." सोमाजी बाईंकडे वळला. "सगळ्याईले फोटो आणून देत थो माणूस. मलेच नाई भेटला. मंग एकडाव आले अन् हात जोडून म्हणाले, सोमाजी, तुमचा फोटो हरवला. डोळ्यात पाणी होतं जी त्याईच्या. तुमी आणला का माहा फोटो?"

बाईंनी विलासरावांकडे पाहिलं. विलासराव हसले, वरच्या दातांनी. "गावाकडची माणसं, सगळे कॅमेरेवाले यांना सारखेच." मग बूट काढले आणि पँट वर करून पाण्यात शिरले. काही तरी सिद्ध करायचं असावं. बॅग धरायला मीही मागोमाग, गुडघाभर पाण्यात.

सोमाजी समोर उभा राहिला, पाळीकडे पाठ करून. दोन झोके घेतले आणि जाळं सोडलं. काय उघडलं ते. सूर्यापुढे चाळणी धरावी तसं. विलासरावांनी बरोबर क्षणी दाबलं, एवढं मी त्यांना देतो. वेळ अचूक होती.

जाळं पाण्यात पडलं. बाई काठावरून म्हणाल्या, "दाखवा ना." आणि सरळ चपला हातात घेऊन पाण्यात आल्या. आता पडदा झाकायचा कसा?

आम्ही तिघांनी पाहिलं. सोमाजी धूर. जाळं म्हणजे एक राखाडी डाग. आणि डागाच्या बरोबर मधून, मागच्या पाळीवर, एक माणूस उभा. छातीपर्यंत भिजलेला, शर्ट अंगाला चिकटलेला, पँट घोट्यावर दुमडलेली. डोक्याला चौकटीचा रुमाल, त्याची एकेक चौकट मोजून घ्या. चेहरा दिसत नव्हता, कारण चेहऱ्यासमोर कॅमेरा धरलेला होता.

तो आमचा फोटो काढत होता.

"मागे कोण फोटोग्राफर आहेत?" बाईंनी विचारलं.

आम्ही वर पाहिलं. पाळीवर एक बगळा होता. दुपारचे बारा, लख्ख ऊन, लपायला झुडूपसुद्धा नाही.

सोमाजी जाळं ओढत आला, त्यानं पडद्यात डोकावलं. तो घाबरला नाही. उलट खूश झाला. "हे काय, आले न थे. पँट वरतच हाये अजून." आणि पाळीकडे तोंड करून म्हणाला, "भाऊ, फोटो भेटला का?"

विलासराव पाण्यात बसले. मुद्दाम नाही. कॅमेरा मी वरच्यावर झेलला. आणि मंडळी, मी हसलो. इतका हसलो की बगळा उडाला. दहा वर्षं साठलेलं हसू ते. सफारी सूट चिखलात, वरचे-खालचे सगळे दात दिसतायत...

मग पडद्याकडे पुन्हा नजर गेली आणि माझं हसू अर्ध्यात थांबलं. पाळीवरच्या माणसाचा कॅमेरा विलासरावांकडे होता खरा. पण मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्याच्या फोटोत आम्ही दोघंही येत होतो.

परत जाताना बाईंनी विलासरावांना एवढंच विचारलं, "त्या फोटोची निगेटिव्ह बघता येईल?" चंद्रपूरला विलासरावांनी ती आणून दाखवली. होय, "हरवलेली" निगेटिव्ह. पण एकच फ्रेम, दोन्ही बाजूंनी कापलेली. बाई म्हणाल्या, "आजूबाजूच्या फ्रेम कुठे आहेत? कुणी एकच का कापून ठेवेल?"

उत्तर माझ्या कपाटात होतं. फिल्म धुतली की सगळ्या पट्ट्या एका कागदावर ठेवून छोटे छोटे फोटो काढायची आमची पद्धत — कॉन्टॅक्ट शीट. त्या फिल्मची शीट मी पंचाण्णव सालीच घरी आणली होती. जाळ्याच्या फोटोच्या लगेच पुढचा फोटो: लेथच्या दुकानापुढे शाळेच्या गणवेशात दहा-अकरा वर्षांची शहनाज, आणि पुढे जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली, डोक्याला रुमाल बांधलेली.

दुसऱ्याच दिवशी मी ती शीट शहनाजला नेऊन दिली. म्हटलं, "जुनं कपाट आवरताना सापडली बघ." तिनं शीट उन्हात धरली, खूप वेळ पाहिली आणि म्हणाली, "शुक्रिया, काका."

पुस्तक निघालं. विलासरावांचा एकही फोटो नाही. मुखपृष्ठावर जाळं, खाली हनीफभाईंचं नाव. त्याचा मोठा प्रिंट सोमाजीच्या घरात लागला. दुसरा प्रिंट घेऊन शहनाज थेट विलासरावांच्या स्टुडिओत गेली. फ्रेम करायला. "काका, काच चांगली लावा, नाव झाकलं जाऊ देऊ नका." आणि त्यांनी लावली हो. मी समोरच्या टपरीवरून पाहिलं. दोन कप चहा घेतला त्या दृश्यावर.

लेन्स विलासरावांनी परत पाठवली. कॅमेरा मात्र माझ्याकडेच टाकून गेले, "तुलेच ठेव, मले नाई पाहिजे." मी तो शहनाजला दिला. तीच लेन्स, तीच रिंग, तोच कॅमेरा. ती उत्तम फोटो काढते. दर ईदला घरी आलेल्या प्रत्येकाचा काढते, आणि नंतर नेऊन देते. सगळे स्पष्ट येतात. तिच्या मावशा, शेजारी, शाळेचे मुख्याध्यापक, दूधवाला.

एक माणूस सोडून.

तीन ईद झाल्या. मी खुर्चीत बसतो, ती फोकस करते, दाबते. पडद्यावर माझ्या जागी धूर. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात. रिंग मी चार वेळा मोजली. लेन्स उघडून बसवली. नागपूरच्या एका जाणकाराला दाखवली, तो म्हणाला काहीही दोष नाही. माझ्याकडे याचं कारण नाही. पाळीवरच्या माणसाचं नाही, त्या रिंगचं नाही, याचंही नाही. भूत बुजवणारा मी, माझ्या हातात रंगाचा थेंब घेऊन तीन वर्षं बसलोय.

मागच्या ईदला शहनाज म्हणाली, "काका, लेन्स ठीक आहे, रिंग ठीक आहे. तुम्हीच काहीतरी हलता."

तर आता माझं वाढून घेतो.

कॅलेंडर पाहून हनीफभाई स्टुडिओत आले, तेव्हा विलासरावांनी "पुरावा दाखवा" म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले होते. म्हणाले, "बाळूभाऊ, फिल्म तुम्हीच धुतली ना? सांगा यांना." विलासराव माझ्याकडे बघत होते. मला नोकरी टिकवायची होती. मी म्हटलं, "भाई, रोज किती फिल्मा येतात. आठवत नाही." ते मान हलवून निघून गेले. मधली फ्रेम कात्रीनं मीच कापली होती. शीट कपाट आवरताना सापडली नव्हती, ती कुठे आहे हे मला अकरा वर्षं रोज माहीत होतं. आणि ते वारले तेव्हा मी खांदा द्यायला गेलो होतो.

हे मी शहनाजला कधी सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात ईद आहे. हा अंक त्याआधी तिच्या शाळेच्या वाचनालयात पोचतो, आणि ती हे सदर पहिलं वाचते, मला ठाऊक आहे. मी दरवर्षीसारखा जाणार. शीरखुर्मा मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण तिनं कॅमेरा उचलला, तर खुर्चीत ताठ बसेन आणि या वेळी हलणार नाही.